लेकीने बांधलेली गाठ

मित्रांनो, माझ्याकडे बघताना आधी माझ्या दांड्याला गुंडाळलेला हा दोराचा तुकडा बघा. दोन फेरे, दोन गाठी. मिठाने कडक झालेला, रंग उडालेला. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटते, मला टांगण्यासाठीच तो बांधला आहे. मला टांगायला वेगळा खिळा आहे! ही गाठ म्हणजे एक धमकी आहे, आणि ती सोळा वर्षांच्या एका मुलीने आपल्या सख्ख्या बापाला दिलेली आहे. दचकू नका. एवढी मायेची धमकी मी माझ्या साऱ्या आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

मी एक जुना लाकडी बोया, पाण्यावर तरंगणारी खूण. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर स्प्रूस नेक नावाचे एक चिमुकले बंदर आहे, तिथला मी. आमच्याकडे सगळे शेवंडांवर, म्हणजे लॉब्स्टरवर, जगतात. शेवंडांचा पिंजरा समुद्राच्या तळाशी बसतो, त्याच्या दोराचे वरचे टोक माझ्यासारख्या बोयाला बांधलेले असते. पिंजरा कुणाचा ते बोयाच्या रंगांवरून कळते. प्रत्येक घराचे रंग ठरलेले. मला एल्डन ग्रिंडल नावाच्या माणसाने देवदाराच्या खांबातून तासले. हिवाळा होता, शेगडीजवळ बसून तो चाकू चालवत होता आणि शेजारी पाळण्यात त्याचा तान्हा मुलगा ऑरिन रडत होता. एल्डनच्या बायकोने घरात उरलेले रंग काढले. स्वयंपाकघराचा पांढरा, दाराचा पिवळा, होडीचा हिरवा. त्या दिवसापासून ते ग्रिंडलांचे रंग झाले. आम्हा साठ भावंडांना एका आठवड्यात रंगवून अंगणात वाळत घातले होते.

चांगला बोया पाण्यात ताठ उभा राहतो. मी राहायचो. एल्डन धक्क्यावर लोकांना सांगायचा, "तो बघा माझा, भरतीतही मान खाली घालत नाही." ते ऐकून मी फुगून जायचो. पुढे एल्डन गेला, होडी ऑरिनकडे आली, आणि मीही ऑरिनचा झालो. मग हलक्या फेसासारख्या पदार्थाचे स्वस्त बोये बाजारात आले. माझी भावंडे एकेक करून शेगडीत गेली, काही शहरातून आलेल्या लोकांनी दिवाणखान्यात टांगायला नेली. मी तेवढा वाचलो, आणि त्याला कारण विनी.

विनी ही ऑरिन आणि लोर्नाची एकुलती एक मुलगी. तिला दात येत होते तेव्हा ती मलाच चावायची. माझ्या टोकाला तिच्या चार दातांच्या खुणा आहेत. दोन वेळा रंग दिला तरी बुजल्या नाहीत. ऑरिनने त्या बघितल्या आणि म्हणाला, "याला शेगडीत टाकणाऱ्याचा हात मोडीन." त्याने मला पुन्हा पाण्यात सोडले, किनाऱ्याला सगळ्यात जवळच्या आपल्या पिंजऱ्यावर. आठ वर्षांची असताना विनीला शेवंडे धरायचा विद्यार्थ्यांचा परवाना मिळाला, आणि एक छोटी होडीही. तिचे बोये आमच्याच रंगांचे होते, फक्त त्यांच्यावरचा नंबर वेगळा. पण समुद्रावर नंबर कोण वाचतो? डोळ्यांना आधी रंग दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विनी सोळाची झाली त्या वसंतात डॉक्टरने ऑरिनच्या खांद्याचा फोटो काढला आणि सांगितले, की अजून एक हिवाळा दोर ओढलास तर सूपचा चमचाही उचलता येणार नाही. लोर्नाची बहीण ओहायोत राहत होती. तिच्या नवऱ्याचे शेतीच्या यंत्रांचे दुकान होते. तिथे गल्ल्यामागे बसायचे काम ऑरिनला मिळणार होते. ऑगस्ट संपता संपता जायचे ठरले. विनीने मात्र जाणार नाही म्हणून सांगितले. आजोबांची होडी तिला हवी होती, शाळेची दोन वर्षे इथेच करायची होती. ऑरिन आणि लोर्ना दोघांनी चार दिवस डोकेफोड केली आणि मग मान्य केले, कारण पोरगी खरोखरच त्या पाण्याची होती.

मग बंदराचा अधिकारी वॉल्डो धक्क्यावर आला. मी तेव्हा होडीत पडलो होतो, सगळे ऐकले.

"ऑरिन, तू गेलास की होडी बांधायची तुझी नांगराची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. अकरा जण वाट बघतायत."

"अरे, विनी राहतेय ना इथं!"

"विनी अल्पवयीन आहे. अल्पवयीन मुलाचं घर म्हणजे आईबापाचं घर. तुम्ही ओहायोला गेलात की कायद्याच्या लेखी तीही ओहायोची. नांगराची जागा गेली, परवाना गेला, शाळेचंही बघावं लागेल."

"ती इथंच राहिली तरी?"

"ती तुझ्या छपरावर जाऊन बसली तरी. मी काय करू बाबा, कायदा मी नाही केला."

ऑरिनने मला उचलले आणि उगाचच अंगठ्याने माझ्यावरचे शेवाळ खरवडत बसला.

वाट विनीनेच शोधली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने कोर्टात अर्ज करता येतो, की मला आईबापांपासून कायद्याने स्वतंत्र करा. कोर्ट त्याला वकील देते. राहायला जागा आहे का, जेवणाची आणि औषधपाण्याची सोय काय, शाळेचे काय, कमाई प्रामाणिक आहे का, हे सगळे न्यायाधीश विचारतात. आणि मुलाला खरोखर स्वतःला सांभाळता येते आहे, यातच त्याचे भले आहे, असे त्यांना पटले तरच हुकूम मिळतो. मग ते मूल आपल्या कागदांवर आपली सही करते. त्याचे घर ते म्हणेल तिथे असते. मतदान आणि बिअर यांना मात्र थांबावेच लागते, असे वकिलाने सांगितले तेव्हा ऑरिन म्हणाला, "देवाची कृपा."

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या होडीवरून बर्ट ओरडला, "काय ऑरिन, पोरीनं काडीमोड मागितला म्हणे!"

"हो ना," ऑरिन ओरडला, "तुझ्या बायकोनं मागितला असता तर गावानं जेवण घातलं असतं!"

विनी मे महिन्यातच अल्बर्टा नावाच्या विधवा बाईच्या घराच्या माळ्यावर भाड्याने राहायला गेली होती. स्वतःची खोली, स्वतःची चूल. जूनमध्ये कोर्टाची पहिली तारीख झाली. मी तिथे नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी होडीत जे भांडण झाले ते ऐकून सगळे कळले. त्या शेवटच्या उन्हाळ्यात ऑरिनच्या खांद्यामुळे लोर्ना त्याच्याबरोबर होडीवर येत असे.

"तुला काय गरज होती बोलायची?" ऑरिन म्हणत होता.

"जजबाईंनी विचारलं, मुलगी जेवते काय. मी खरं ते सांगितलं!"

"काय सांगितलंस? 'दर गुरुवारी मी भांडं भरून जेवण नेते, तिचे कपडे मीच धुते, पहाटे साडेचारला फोन करून मीच उठवते!'"

"मग खोटं बोलू? आणि तू रे? 'तिचं इंजिन मीच बघतो, तिची आमिषाची पिंपं मीच भरतो,' हे कोण बोललं छाती फुगवून?"

दोघांनी मिळून पोरीचे प्रकरण बुडवत आणले होते, आणि तेही लाडाने. न्यायाधीश स्टोव्हरबाई तशा प्रेमळ होत्या. पण त्या म्हणाल्या की ही मुलगी वेगळी राहत नाही, ती फक्त दुसऱ्या खोलीत झोपते. सहा आठवड्यांनी पुन्हा या. तोवर आईबापांनी हात मागे ठेवायचे. तेव्हाही असेच दिसले तर अर्ज नामंजूर, आणि मुलगी तुमच्याबरोबर ओहायोला.

मित्रांनो, त्या सहा आठवड्यांत विनीची परीक्षा होती असे लोकांना वाटले. मी रोज पाण्यावरून बघत होतो. परीक्षा त्या दोघांची होती. धुके असले की ऑरिन होडीचे इंजिन बंद करून तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत उभा राही. आवाज आला की आपल्या कामाला लागे. आणि घरी, हे मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळले, लोर्ना साडेचारला फोनपाशी जाऊन बसे आणि हात पदरात घेतल्यासारखे ॲप्रनमध्ये गुंडाळून ठेवी. विनी पहिल्या आठवड्यात दोनदा उशिरा उठली. तिसऱ्या आठवड्यापासून ती आमच्या आधी पाण्यावर दिसू लागली.

पाचव्या आठवड्यात ती तापाने पडली. अल्बर्टाबाईंनी तिला दवाखान्यात नेले, गोळ्या आणल्या, पण तीन दिवस ती माळ्यावरून उतरली नाही. लोर्ना मासळीच्या सूपचे पातेले घेऊन निघाली आणि निम्म्या वाटेवरून परत आली. ते सूप रात्रीच्या जेवणाला ऑरिनच्या पुढे आले. त्याला ते गिळवले नाही.

दुसऱ्या दिवशी, इंजिन दुरुस्त करायचे आहे असे घरात सांगून ऑरिन एकटाच निघाला. माझ्या पिंजऱ्यापाशी तो थांबलाच नाही, सरळ पुढे गेला. पुढे विनीचे पिंजरे होते. मी लांबून पाहिले. दुखऱ्या खांद्याने तो एकामागून एक पिंजरे वर घेत होता, शेवंडे काढत होता, ताजे आमिष भरत होता. दर दोन पिंजऱ्यांनंतर खांदा धरून उभा राहत होता. रंग तेच, म्हणून लांबून बघणाऱ्या कुणाला संशयही आला नाही. परत जाताना तिची सगळी शेवंडे त्याने धक्क्याखाली तरंगणाऱ्या तिच्या पेटाऱ्यात सोडली.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय झाले? आमच्याकडे यासारखे वाईट दुसरे काही नाही. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. भावाच्या नाही, बापाच्या नाही. तसा कायदाच आहे, पण कायद्याच्याही आधीपासून बंदराची रीत आहे. कुणी हात लावलाच, तर मालक बोलायला जात नाही. तो त्या माणसाच्या बोयाच्या दांड्याला दोन फेरे देऊन गाठ मारतो. याचा अर्थ, मला कळले आहे. तरी नाही सुधारला तर पुढच्या वेळी दोर कापला जातो, आणि पिंजरा कायमचा तळाशी.

ताप उतरल्यावर विनी उठली, होडी घेऊन आली. आपल्या पेटाऱ्यात वाकून पाहिले. मग पहिला पिंजरा ओढला आणि आमिषाच्या पिशवीचे तोंड पाहिले. ते तोंड ऑरिन जसे बांधतो तसे साऱ्या किनाऱ्यावर कुणी बांधत नाही. ते बांधायला त्यानेच तिला शिकवले होते, आणि तिला कधी जमले नव्हते.

ती होडी वळवून माझ्याकडे आली. आकडीने मला वर घेतले, मांडीवर ठेवले. तापाने तिचे गाल अजून बसलेले होते. तिने आपल्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवले.

"माफ कर रे म्हाताऱ्या," ती मला म्हणाली. "पण दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हेच केलं असतं ना? मग बाबाला सूट दिली, तर मी अजून त्याची बाळच."

गाठी घट्ट बसल्या. दोन फेरे, दोन गाठी. मग तिने मला पाण्यात सोडले आणि मागे न बघता निघून गेली. मी चाळीस वर्षे ताठ उभा राहिलो होतो. त्या सकाळी मला मान वर करवेना.

आठच्या सुमाराला आमची होडी आली. ऑरिनने मला आकडीने उचलले आणि त्याचा हात हवेतच थांबला. आधी त्याचा चेहरा लाल झाला.

"कुणाची हिंमत झाली! माझ्या बोयावर? चाळीस वर्षांत ग्रिंडलांच्या बोयावर कुणी..." आणि त्याला समजले.

"काय झालं?" लोर्नाने विचारले. "कुणाचे पिंजरे ओढलेस तू?"

"विनीचे."

"काय?"

"फक्त चाळीस."

"चाळीस! आणि मी बावळट, सूपचं पातेलं घेऊन निम्म्या वाटेवरून परत आले!" लोर्नाने हातमोजा काढून त्याच्या पाठीत हाणला. मग माझ्यावरची गाठ बघितली आणि मटकन आमिषाच्या पिंपावर बसली. "हे तिनं बांधलं?"

"तिनंच. बघ कशी ओढून बांधलीय. केसभर तरी ढिली आहे का कुठं?" ऑरिन हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पुसायला त्याने मला खाली ठेवले नाही, कोपरानेच पुसले. "लोर्ना, आपली पोरगी मोठी झाली गं. आपल्याला कळलंच नाही."

त्याने ती गाठ सोडली नाही. माझा दोर सोडवून तिथे दुसरा बोया लावला आणि मला घरी नेले.

कोर्टाच्या तारखेला तो मला पिठाच्या रिकाम्या पोत्यात घालून घेऊन गेला. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "हे काय?" ऑरिन म्हणाला, "पुरावा." पहारेकरी किनाऱ्यावरचाच होता. पोत्यात डोकावला, गाठ बघितली, ऑरिनकडे बघितले आणि म्हणाला, "अरेरे. या आत."

स्टोव्हरबाईंनी विनीला खोलीचे विचारले, शाळेचे विचारले, मिळकतीचे कागद पाहिले. तिने सगळे नीट सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आजारी पडलीस तर?"

"पडले होते, बाईसाहेब. तीन दिवस. अल्बर्टाबाईंना दवाखान्यात न्यायला मीच सांगितलं. पिंजरे राहिले, पण पिंजरे थांबू शकतात."

"त्या तीन दिवसांत तुला कुणाचीच मदत झाली नाही?"

विनीने खोटे बोलावे तर ते तिला जमणारे नव्हते. खरे सांगावे तर बाप गुन्हेगार ठरणार, आणि अर्जही जाणार. वकील चष्मा पुसू लागला. मी पोत्यात होतो, तरी मला तिचा श्वास ऐकू येत होता.

ऑरिन उठला. "मदत झाली. तिनं मागितली नव्हती. मी केली, न विचारता." आणि त्याने मला पोत्यातून काढून जजबाईंच्या समोरच्या टेबलावर उभे केले. मी शक्य तितका ताठ राहिलो.

स्टोव्हरबाईंनी चष्मा काढला. "कसली मदत केलीत ते मला सांगू नका," त्या घाईने म्हणाल्या. "मला ऐकू आलेलं नाही. विनी, हा बोया कुणाचा?"

"बाबाचा."

"आणि ही गाठ?"

"माझी."

"या गाठीनंतरची पायरी काय असते, माहीत आहे?"

"दोर कापायचा."

"कापला असतास?"

विनीने बापाकडे बघितले. ऑरिन जमिनीकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "पण बाबाला ते माहीत नव्हतं."

सगळ्यात आधी पहारेकरी हसला. मग वकील, मग जजबाई, आणि ऑरिन तर नाक शिंकरत हसत होता. स्टोव्हरबाईंनी कागद ओढला. "मी सहा आठवड्यांपूर्वी विचारत होते, या मुलीला आईबापांपासून वेगळं उभं राहता येतं का. आईबाप इतके चांगले असताना ते फार अवघड असतं. हिनं ते करून दाखवलं." आणि त्यांनी सही केली.

लोर्नाने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "बाईसाहेब, आता तिला सूप दिलं तर चालेल का?"

"मला कशाला विचारता? आता तिला विचारा."

लोर्ना विनीकडे वळली. "चालेल," विनी म्हणाली, "मासळीचं असेल तर. आणि बटाटे जास्त घाल." मग ती आईच्या गळ्यात पडली आणि तान्ह्या पोरासारखी रडली. कायद्याने स्वतंत्र होऊन तिला जेमतेम दोन मिनिटे झाली होती.

त्यालाही आता तीन वर्षे झाली. नांगराची जागा विनीच्या नावावर आहे. मी ओहायोत, ऑरिनच्या ओसरीवर. समोर मक्याची शेते आहेत आणि वारा आला की ती लाटांसारखी आवाज करतात, तेवढाच विरंगुळा. पहिली दोन वर्षे माझ्या रंगाकडे कुणाचे लक्ष नव्हते. उन्हाने माझी सालपटे निघाली, एका चिमणीने माझ्यावर घाण केली. मग नाताळाला विनी बसने आली. ऑरिनने तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबला.

"घेऊ का?"

"घे ना, बाबा. त्यात तुमच्यासाठीच शेवंडं आहेत."

तिने मला बघितले आणि आत जायच्या आधी रंगाचे डबे मागितले. पांढरा, पिवळा, हिरवा. ओसरीवर कोट घालून बसली आणि मला रंगवले. गाठीभोवती तर लहान कुंचल्याने.

"ती सोड आता," ऑरिन म्हणाला. "बांधणाऱ्यानंच सोडायची असते."

"राहू दे. तुझा काही भरवसा नाही."

ऑरिन अजूनही साडेचारला उठतो. ओसरीवर येतो, थंडीत उभा राहतो, माझ्या गाठीवर हात ठेवतो आणि फोन न करता आत जाऊन चूल पेटवतो. मग थोड्या वेळाने फोन वाजतो. सगळ्याच दिवशी वाजत नाही, पण वारा वाईट असेल त्या दिवशी वाजतोच. दाराच्या फटीतून मला ऐकू येते. "बाबा, वायव्येचा वारा आहे, लाट उंच दिसतेय. मी ठरवलंय काय करायचं, पण तू काय केलं असतंस ते सांग."

म्हणून मित्रांनो, दोन गोष्टी सांगतो आणि गप्प बसतो. तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने, लाकडी असेल, तर वर्षातून एकदा त्याला रंग द्या. आणि तुम्हीही एक दिवस आपल्या माणसांच्या बोयावर गाठ बांधाल. बांधायची वेळ आली की घट्ट बांधा, लाजू नका. दोर मात्र कापू नका, आणि वारा वाईट असेल त्या दिवशी फोन करा. तिकडे कुणीतरी साडेचारपासून जागे असते.